रानात नाव घेऊ नये

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं शेळगावला आत्याकडं गेलो होतो. दादा, नवी वैनी आणि मी. रानात हिंडायला जायचं होतं ते खरं तर त्या दोघांनाच, पण वैशाखात लग्न झालेलं जोडपं एकटंच रानात निघालं तर गाव तोंडात बोटं घालील, म्हणून मला मधे घातलं. माझी काही तक्रार नव्हती. मी यंदा आठवीत गेले होते, खो-खोच्या संघात आले होते, आणि दिवसभर चालायचं म्हटलं की एका पायावर तयार होते.

दादा बारामतीत शाळामास्तर. त्याला बायकोला जंगलखात्याच्या रानातली हरणं दाखवायची होती, पण असं वडीलधाऱ्यांना सांगायची सोय नव्हती. म्हणून त्यानं रानापलीकडच्या टेकडीवरच्या बिरोबाचं दर्शन काढलं. देवाचं नाव निघाल्यावर सारजाआत्या नाही कशी म्हणणार? भाकरीचं फडकं वैनीच्या हातात देत ती म्हणाली,

"दिस कलायच्या आत भायेर पडा. लांडगं लई झाल्यात. परवा धनगराची शेळी दिसाढवळ्या नेली."

"बरं, आत्याबाई," वैनी म्हणाली.

"आन् रानात एकमेकांची नावं घिऊ नका. चकवा दिसभर ऐकत बसतो, आन् तिन्हीसांजंला त्याच नावानं, त्याच आवाजात हाक मारतो. ओ दिली की गेलं माणूस. रातभर फिरवत ऱ्हातो."

"मग मी हिला काय म्हणू?" दादानं विचारलं.

"घरात काय म्हणतोस?"

"अगं."

"मग तितंबी अगंच म्हण. येवढं काय अडलंय तुझं?"

वैनी खाली मान घालून उभी होती. पण सगळं मनात साठवून घेत होती, हे मला नंतर कळलं.

शेवटचं शेत मागं पडलं आणि दादानं हाक मारली, "लीला."

हे नाव त्यानंच ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. घरात आईसमोर ते त्याच्या तोंडातून कधी निघालं नाही. आज ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं गड्याला जणू ऊत आला. लीला, ही बघ खैराची झाडं. लीला, पाय जपून टाक, सराटे हायत.

"अहो, आत्याबाई काय म्हणाल्या?" वैनी पुटपुटली.

"आत्याबाई हितं हायत कुठं?"

मी खोखो हसले. दुपारपर्यंत वैनीही हसायला लागली. आम्ही हरणं पाहिली, काळा नर आणि मागं चार-पाच माद्या. टेकडी चढलो, बिरोबाला नारळ फोडला, भाकरी खाल्ली, आणि तिथल्या गार वाऱ्यात नको इतका वेळ बसलो.

परतताना वाट चुकली. सगळीकडं सारख्याच हिवराच्या आणि बाभळीच्या जाळ्या. तशात वैनीच्या चपलेचा अंगठा तुटला. दादानं तिला एका हिवराखाली बसवलं.

"तू हितंच बस. आमी त्या उंचवट्यावरनं वाट बघून येतो. चल रतन."

उंचवट्यावरून वाट दिसली, पण दिसली दुसऱ्याच अंगाला. आम्ही खाली उतरलो, हिवराशी आलो, तर तिथं वैनी नाही. आधी वाटलं, झाड चुकलं. पण बुंध्याशी तिची तुटकी चप्पल पडली होती. एकच.

"लीला," दादानं हाक मारली.

मग दोन्ही हातांचा कर्णा करून पुन्हा मारली.

"वैनी," मी ओरडले. माझा आवाज आमच्या शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. तो तिथं बाभळीत शिरला आणि विझला.

सूर्य टेकडीआड गेला. आम्ही हाका मारत ओढ्याच्या काठाकाठानं निघालो. मऊ मातीत पंजे उमटले होते, कुत्र्याच्या पंजांहून मोठे. दादानं ते पाहिले आणि पायानं पुसून टाकले. मला दिसू नयेत म्हणून. मला दिसले होते.

समोरच्या काठावर काहीतरी हललं. लांडगा होता. उंच पायांचा, मातीच्या रंगाचा. तो आमच्याकडं बघत नव्हता. खाली ओढ्यातल्या झुडपांकडं बघत होता. त्याच्या मागं दुसरा आला.

दादानं दगड भिरकावला. ते थोडे मागं सरले, इतकंच.

"लीला, अगं लीला, ओ दे की," दादाचा आवाज फाटला. मग तो माझ्याकडं वळला. माझ्या मास्तर दादाचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. "रतन, ती का बोलंना?"

का बोलंना, याची एकच गोष्ट मला सुचत होती, आणि ती मला नको होती. ती सोडून दुसरं काय असेल, म्हणून मी डोकं खाजवत राहिले, आणि आत्या आठवली. चकवा दिवसभर ऐकतो आणि तेच नाव घेतो. दादानं दिवसभर काय केलं? लीला, लीला, लीला. सगळ्या रानाला पाठ करून दिलं. मी तरी वैनी वैनी करत काय वेगळं केलं? ती ऐकत असेल. ऐकत असेल आणि तोंडावर हात दाबून बसली असेल.

"दादा, आज न घेतलेलं नाव घे. तिचं माहेरचं."

दादा ते घ्यायला धजेना. वैनी उंबऱ्यावरचं माप ओलांडत होती तेव्हाच आमच्या आईनं सांगितलं होतं, जुनं नाव तिकडं माहेरी, पणदऱ्यात राहिलं, या घरात ते कुणी काढायचं नाही. पण पाठवणीच्या वेळी तिची आई त्याच नावानं रडत होती. ते मी ऐकलं होतं.

"छबू," मी ओरडले. "छबू, कुठं हायस?"

समोरचा लांडगा कान टवकारून उभा.

आणि मग अगदी जवळून, आमच्या पायांखालच्या दरडीच्या कपारीतून, बारीक आवाज आला. "ओ."

दादानं उडीच टाकली. आम्ही दोघांनी तिला ओढून वर घेतलं. हातपाय काट्यांनी ओरबाडलेले, पदर फाटलेला. लांडगा दिसला म्हणून ती झाडाखालून पळाली होती, ती त्या कपारीत शिरली होती.

"येवढ्या हाका मारल्या," दादा म्हणाला.

"मला वाटलं, त्योच बोलावतोय," ती म्हणाली. "तुमचाच आवाज काढून."

लांडगे गेले नव्हते. आम्ही काठ्या मोडून हातात घेतल्या. अंधार इतक्या झटकन उतरला, की पुढं चालणाऱ्या दादाची फक्त टोपी दिसत होती. वैनी जागची हलेना.

"पुढं तुमीच हाय कशावरनं?"

"मग कोण असणार?"

"नाव घेत चला. माझं. मग मी येते."

दादा चालू लागला. थोडं चाललं की म्हणायचा, छबू. ती म्हणायची, ओ. मी मागून तिच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं. मागं पाचोळा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मी वळून बघितलं नाही.

गावाची कुत्री भुंकायला लागली, आत्याच्या दारातला कंदील दिसला, तसा दादा गप्प झाला. आत्या ऐकेल म्हणून. वैनी अंधारात उभी राहिली.

"थांबू नका," ती म्हणाली.

आत्या कंदील घेऊन ओसरीवर आली होती. दादानं तिच्याकडं पाहिलं, मग अंधाराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "छबू."

"ओ."

"कोण रं ही छबू?" आत्यानं विचारलं.

"मी, आत्याबाई," वैनी उजेडात येत म्हणाली, आणि मटकन उंबऱ्यावर बसली. दिवेलागणीनंतर उंबऱ्यावर बसू नये. पण आत्यानं कंदील खाली ठेवला आणि वैनीचे पाय मांडीवर घेऊन काटे काढायला लागली.