दोन गावांचा म्हसोबा

ठण्ण... ठण्ण... पाथरवटाच्या छिन्नीचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्याच पोटावर. तेव्हा कळलं, आपला जन्म झाला. मी हद्दीचा दगड बोलतोय.

कर्जतकडच्या एका ओढ्याकाठी मला पुरलं. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाची मोगलाई. माझं काम एवढंच, की हलायचं नाही. ते मला चांगलं जमलं.

इंग्रज गेला, निजामही गेला. पुढे ओढ्याकाठची दोन्ही गावं नगरमध्येच आली. मला उपटायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एकदा एका धनगराची चुकलेली मेंढी माझ्या आडोशाला सापडली. त्यानं आनंदानं मला शेंदूर फासला. झालं, मी म्हसोबा झालो! अलीकडचे अलीकडून नारळ फोडू लागले, पलीकडचे पलीकडून.

यंदा अलीकडच्या निकिताचं लग्न पलीकडच्या आदिनाथशी ठरत आलं. दोघं मिरजगावला एकाच दुकानात कामाला, मनं तिथंच जुळलेली. बोलणी माझ्याशेजारच्या लिंबाखाली झाली. निकिताची आजी छबूबाई, तिनं विचारलं, “तुमचं कुलदैवत कंचं?”

“ह्योच की, म्हसोबा,” आदिनाथचे वडील श्रीमंत म्हणाले.

छबूबाईचा चहा हातातच राहिला. “आमचंबी ह्योच! म्हंजी कूळ एकच. पोरगा भाऊ लागतो की तिचा!”

“अवो आत्या, आडनावं येगळी हायती.”

“वढा वलांडताना बदललं आसंल!”

बोलणी थांबली. निकिताचे वडील प्रवीण पूर्वजांचा माग काढायला निघाले. नगरच्या कचेरीत सांगितलं, श्रीमंतांचं गाव तेव्हा मोगलाईत होतं, बीडला जा. बीडला सांगितलं, जुनं दप्तर सगळं हैदराबादला, तेही उर्दूत. दमून ते माझ्या पायाशी बसले. “देवा, आता तूच सांग.” देवाला तर सगळं माहीत होतं, पण तोंड शेंदरानं बुजलेलं.

निकिता रोज संध्याकाळी येऊन माझ्यापुढं बसायची. एकदा ती बसलेली असताना एका शेळीनं माझ्यावर अंग घासलं आणि शेंदराची जाड खोळ धपकन गळाली. निकितानं वाचलं, ‘हद्द जिल्हा नगर’. तिनं आदिनाथला बोलावलं. त्यानं मागच्या उर्दू अक्षरांवर मोबाईल धरला. भाषांतर आलं, ‘सरहद्द, निजाम सरकार’.

निकिता घराकडं पळाली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली. “आजी, ह्यो सरकारी दगड हाय! दोन राज्यांतल्या लोकांनी एकच दगड पुजला. तेवढ्यानं कूळ एक हुतं व्हय?”

आजी तशीच घरी परतली.

मंडळी, तुमच्याही पणजोबाचा माग लागेना, तर आधी तेव्हाची हद्द कुठं होती ते बघा. आणि वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला, तर त्यालाच पुरावा मानू नका.

दुसऱ्या सकाळी छबूबाई एकटीच आली. पिशवीत नारळ होता. या बाईनं प्रवीणच्या जन्माआधीपासून आपली सगळी दुखणी मलाच सांगितलेली. मला वाटलं, आता रागावेल. तिनं पदरानं माझी अक्षरं पुसली, हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तशी. नारळ काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पिशवीत ठेवला. तेव्हा मला दिसलं, खाली नवी कोरी टॉवेल-टोपी होती, व्याह्याला द्यायची.

लुगडं घोट्यावर धरून ती ओढ्यात उतरली आणि पलीकडच्या गावाकडं चालू लागली.