गच्चीवरची टाकी

कंपाउंडरने दोर ओढला, तशी बादली टाकीच्या तोंडाशी आदळली आणि अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. पाणी म्हणायचं आपलं. हिरवट, बुळबुळीत, वर पिसं तरंगणारं. नाकातोंडावर दुहेरी रुमाल बांधला होता, त्याने तो आणखी घट्ट आवळला.

"सापडलं," टाकीच्या आतून टेलरमास्तर म्हणाला. "कबुतर आहे. होतं म्हणा."

पुढच्या बादलीतून ते वर आलं. कंपाउंडरने मान फिरवून ते पिशवीत ओतलं. हेच पाणी अख्खी इमारत आठवडाभर पीत होती. त्याचा तीन वर्षांचा नातू चार दिवस ओकत होता आणि आज सकाळपासून त्याने रडणंही सोडलं होतं. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर भरती करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मास्तरची आईही अंथरुणाला खिळली होती, म्हणून मास्तर आत उतरला. प्लंबरने मेलेल्या जिवाला हात लावायला साफ नकार दिला आणि बाकीचे रहिवासी नाक धरून खालीच थांबले. कंपाउंडरने आयुष्यभर दवाखान्यात पू पुसला होता, तेव्हा त्याला कधी काही वाटलं नव्हतं. किळस यायची ती या मास्तरची. कंपाउंडर एका पक्षाचा; मास्तरने समोरच्या पक्षाचे झेंडे शिवले, वर एक गच्चीवरही लावला. मग कंपाउंडरनेही आपला लावला. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले की भिंतीकडे तोंड करून जात. सकाळी उघडी टाकी दिसताच, 'झेंड्याच्या नावाखाली हीच माणसं वर येतात,' असं त्याने चार जणांना ऐकवलंही होतं.

"मी बोलत राहणार हं," मास्तर आतून म्हणाला. "गप्प बसलं की वास डोक्यात जातो."

कंपाउंडरचं उलटं होतं. तोंड उघडलं की ओकारी. एरवी मास्तरच्या अर्ध्या वाक्यावर त्याचं उत्तर तयार असायचं. आज दातखीळ बसल्यासारखा तो नुसता दोर ओढत राहिला.

"तुम्ही मला विकला गेलेला म्हणता, कानावर येतं माझ्या. अहो, बायको आजारी होती तेव्हा रक्त हवं होतं. सख्ख्या मेव्हण्याने फोन उचलला नाही. या पक्षाचे दोघे आले आणि रक्त देऊन गेले. ती काही वाचली नाही. पण ते दोघे दहा दिवस दुकानात येऊन बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. त्यांचा जाहीरनामा मी अजून वाचलेला नाही, खोटं कशाला सांगू?"

दोर कंपाउंडरच्या हातात तसाच राहिला. आपण तत्त्वांसाठी पक्षात आलो, असं तो सगळ्यांना सांगत असे. खरं तर अर्धांगवायू झालेल्या त्याच्या वडिलांना एका कार्यकर्त्याने पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं होतं. तत्त्वं मागाहून आली.

"ओढा की, कंपाउंडर! झोपलात काय?"

"हो, हो," तो रुमालाआडून म्हणाला आणि बादली ओढली.

टाकी घासून झाली. गुडघ्यापर्यंत शेवाळ माखलेला मास्तर बाहेर आला. कोपऱ्यात उडून पडलेलं पत्र्याचं झाकण त्याने आणून तोंडावर बसवलं.

"यावर धोंडा असायचा ना? गेला कुठे?"

कंपाउंडरला शोधावं लागलं नाही. मागच्या रविवारी वारा सुटला होता. आपल्या झेंड्याची काठी कलायला लागली, तेव्हा हाताशी आला तो धोंडा त्यानेच उचलून तिच्या बुडाशी लावला होता. झेंडा आता डौलात फडफडत होता.

मास्तरची नजरही तिथेच गेली. आता हा खाली जाऊन चारचौघांत आपली लाज काढणार, असं कंपाउंडरला वाटलं. पण मास्तरने पायाने धोंडा सरकवला, कलणारी काठी हाताने धरली आणि झेंडा जमिनीला लागू न देता कठड्याला टेकवून ठेवली. मग धोंडा आणून झाकणावर ठेवला.

इतका वेळ थोपवलेली ओकारी तेव्हा आली. कंपाउंडर रुमाल ओरबाडून पन्हळीशी वाकला. कबुतराची जेवढी शिसारी आली नव्हती, तेवढी त्याला स्वतःची आली. पाठीवर एक ओला, घाणेरडा हात फिरत होता. त्याने तो झटकला नाही.

खाली दाराशी सूनबाई उभी होती.

"कोणाचं काम होतं, बाबा?" विचारलं सासऱ्याला, पण डोळे मास्तरवर रोखलेले होते.

"वाऱ्याचं," मास्तर म्हणाला.

कंपाउंडरने जिन्याचा कठडा धरला. "वाऱ्याचं नाही. झाकणावरचा धोंडा मी काढला. झेंड्याला लावायला."

आत पोर बारीक आवाजात कण्हलं. सूनबाई सासऱ्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या इमारतीतून आणलेल्या पाण्याचा तांब्या तिने उचलला आणि आधी मास्तरच्या हातांवर धरला.