दैवशालावहिनींची औषधं

तीर्थपुरीच्या बाजारात माझं मेडिकल आहे. पाटीवर नाव वडिलांचं, रतनलालजींचं. काउंटरवर मी, नमन.

बायकोसाठी पॅड न्यायला आलेला नवरा मला लांबूनच ओळखू येतो. तो आधी खोकल्याच्या गोळ्या बघतो, मग दंतमंजन. बाकीची गिऱ्हाइकं पांगली की घामेजलेली चिठ्ठी हळूच पुढे सरकवतो. मीही चोरीचा माल असल्यासारखा पुडा पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो. शेतात निघालेला साप काठीनं मारणारे हे मर्द, कापसाच्या पुड्याला घाबरतात.

अंगद त्यातलाच. ग्रामसभेत तासभर भाषण ठोकेल, पण माझ्या दुकानात मुका. आधी तो महिन्याला एक पुडा न्यायचा. मग दोन झाले, मग चार, तेही सगळ्यात मोठे. त्याच्या बायकोची पाळी बारा-बारा दिवस चालते, हे मला कुणी सांगितलं नाही. पुड्यांवरून कळलं.

नंतर बाकीची दुखणी एकेक करून आली. कंबर दुखते, मलम द्या. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, टॉनिक द्या. ओटीपोट जड वाटतं, गॅसची गोळी द्या. पोट साफ होत नाही, इसबगोल द्या. घडीघडी लघवीला लागते, त्याचं सिरप द्या. ही सगळी दुखणी एकाच बाईची आहेत, तेव्हा त्यांचं मूळही एकच असू शकतं, एवढा विचार करायला अंगदला सवड नव्हती. "बायकांचं असं चालूच राह्यतं, शेठ," तो म्हणायचा. बराबर आहे. त्याचं स्वतःचं डोकं दुखलं की मात्र तो थेट जालना गाठायचा.

मला सगळं कळत होतं. मी फार हुशार म्हणून नव्हे, तर दोन वर्षांपूर्वी माझ्याच बायकोला, एकताला, हेच झालं होतं म्हणून. जालन्याला सोनोग्राफी केली, तर गर्भाशयात गाठी निघाल्या. फायब्रॉइड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, घाबरू नका, पण इतकं रक्त जाऊ देऊ नका. ऑपरेशन झालं, एकता ठणठणीत झाली. गावात आम्ही सांगितलं, अपेंडिक्स. ही माझ्या आईची, भगवतीदेवींची, अक्कल. गर्भाशय म्हटलं की लोक पुढचं विचारतात. अपेंडिक्स कसा सोज्वळ अवयव, त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

एकदा धीर करून मी अंगदला म्हणालो, "वहिनींना एकदा जालन्याला दाखवून आणा."

"काहून? टॉनिक चालू हाय की."

झालं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि टॉनिकची नवी बाटली काढून दिली. परक्याच्या बायकोच्या पाळीबद्दल मी कसं बोलणार? माझं घराणं अब्रूदार.

दिवाळीनंतर एके दिवशी अंगदची बायको, दैवशालावहिनी, स्वतःच आल्या. चेहरा पांढराफटक, आणि उभं राहायला काउंटरचा आधार. दुकानात म्हातारे मच्छिंद्रकाका बीपीच्या गोळ्यांसाठी थांबले होते, आणखी दोघं होते. एकता आत माझ्या शेजारी माल लावत होती.

"नमनभाऊ, पाळी थांबवायची गोळी द्या," वहिनी हळूच म्हणाल्या. "आठ दिसांनी पुतनीचं लगन हाय. अन् माझं तर थांबूनच न्हाई राह्यलं."

मी सवयीनं गोळ्यांच्या खणाकडे वळलो. एकतानं माझा हात धरला.

"वहिनी, रक्ताच्या गाठी पडतात का?" तिनं विचारलं. "पोटात खाली कडक लागतं?"

मच्छिंद्रकाका पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

वहिनींनी मान हलवली. "दीड वरीस झालं."

"मलाबी हेच झाल्तं. अपेंडिक्स न्हवतं माझं, गर्भाशयात गाठी होत्या. आधी तपासून घेऊ, मंग डॉक्टर म्हणतील ती गोळी घ्या. उद्या सकाळी मीच येते तुमच्यासंगं जालन्याला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कशामुळे, तर बायको चारचौघांत खरं बोलली म्हणून. माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

जालन्याला निघाली मोसंबीएवढी गाठ, शेजारी दोन छोट्या. हिमोग्लोबिन उरलं होतं पाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयावर ताण आलाय, आणखी थोडे दिवस गेले असते तर हातची गेली असती. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन केलं. अंगद दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून पाहुण्यांचे फोन घेत होता. सगळ्यांना सांगत होता, अपेंडिक्स.

दोन महिन्यांनी वहिनी दुकानात आल्या. गालावर रंग होता, आधाराविना उभ्या होत्या. एकताशी बोलून झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"नमनभाऊ, तुम्हाला आधीच कळलं होतं म्हणं."

"हो."

"कवापासून?"

"वर्ष झालं असेल."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"लाज वाटली, वहिनी."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"लाज तुम्हाला वाटून राह्यली होती," त्या म्हणाल्या, "अन् रक्त माझं जाऊन राह्यलं होतं."