वायरलेसवरचा गुरू

बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं, इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं. वारा पिसाळलेला. नांगर टाकला तर तोही धरीना. 'गजलक्ष्मी' हळूहळू मिऱ्याच्या खडपांकडे, किनाऱ्यालगतच्या खडकांकडे, सरकायला लागली, तेव्हा गुरुप्रसादनं मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. बोटीवर माणसं दोनच, तो आणि म्हातारा मोरूकाका. मोबाईल मघाच्या लाटेत भिजून मेलेला. राहिला वायरलेस.

आणि वायरलेस म्हटलं की गुरूला खडपांइतकीच भीती.

लहानपणापासून तो अडखळायचा. 'ग'वर अडला की अडलाच. स्वतःचं नाव सांगतानाही घामाघूम. शाळेत पोरांनी नकला केल्या. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामानं तोंडावर विचारलं, "मुलगा पूर्ण बोलतो ना?" बंदराला मात्र त्याची सवय होती. वायरलेसवर नुसतं "ग-ग-ग" आलं की दुसऱ्या बोटीचा म्होरक्या अनिल तांडेल म्हणायचा, "गुरू आला रे, चहा ठेवा." चेष्टाच ती. पण त्याचं बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नसे.

हे दुसरं गुरूच्या लक्षात कधी आलं नाही. त्याला डाचायची ती चेष्टा. म्हणून गणपती झाल्यावर त्यानं मोबाईलवर मुंबईच्या एका बाईंची शिकवणी लावली. श्वास सोडत, शब्द ताणत, एका सुरात बोलायचं. आणि जमलं की हो! मागच्या आठवड्यापासून गडी घरात सरळ बोलायला लागला. बायको संध्या हरखली. पोरगी शमिका तेवढी म्हणाली, "बाबा, तुम्ही बँकेच्या फोनमधल्या बाईसारखे बोलता." तिचं खोटं नव्हतं. त्या सुरात त्याला भांडता येत नसे, मनापासून हसता येत नसे. न अडखळण्यातच सगळा जीव खर्ची पडायचा.

त्यानं श्वास सोडला, बटण दाबलं आणि शिकवल्याप्रमाणे बोलला, "गजलक्ष्मी बोलतेय. पंख्यात जाळं अडकलंय. मिऱ्याच्या खडपांजवळ आहोत. मदतीला या."

एकदाही अडखळला नाही.

"कोण रे तू?" अनिल तांडेलाचा आवाज आला. "गुरूच्या बोटीचं नाव घेऊन चेष्टा करतोस? त्या दिवशी असंच बोलावून आमचं डिझेल जाळलंस. लाज नाही वाटत?"

हल्ली कुणी टवाळ वायरलेसवर खोट्या हाका मारत होता, आणि बोटी उगाच धावल्या होत्या. समुद्रावर तोंड कुठं दिसतं? माणूस आवाजावरूनच ओळखायचा. आणि हा आवाज बंदरात कुणी ऐकलाच नव्हता.

"अनिलदादा, मीच गुरू," तो त्याच गुळगुळीत सुरात म्हणाला.

पलीकडे कुणीतरी हसलं. "गुरू असा बोलतो होय? चल, गप्प बस."

खडपांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं. मोरूकाकानं गुरूचा दंड धरला.

"मेल्या, तुझ्या आवाजात बोल."

"अ-अ-अडकलो तर?"

"अडक."

गुरूनं बटण दाबलं आणि श्वास सांभाळायचं सोडून दिलं. "ग-ग-" आणि घसा गच्च बंद. जबडा आवळला, मान ताठली. शब्द घशात आणि बोट खडपांकडे. आता संपलं, असं त्याला वाटलं. शमिका डोळ्यांपुढे आली. पण बटणावरचं बोट त्यानं काढलं नाही. "ग-ग-गुरू, अनिलदादा. मि-मि-मिऱ्या."

"गुरूच रे हा," अनिलचा आवाज पार बदलला होता. "चुकलं बाबा माझं. निघालोच."

तो आला तेव्हा खडपांवरचं पाणी अंगावर उडत होतं. मोरूकाकानं दोर झेलला, बांधला, आणि 'गजलक्ष्मी' मागे ओढली जाऊ लागली.

खडपं लांब राहिली तरी गुरूची भीती गेली नाही. आज आपण एकदाही अडखळलो नसतो, तर आपल्याच माणसांनी आपल्याला बुडू दिलं असतं, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

"गुरू, बरे आहात ना दोघं?" वायरलेसवर दुसऱ्या एका बोटीनं विचारलं.

त्यानं बटण दाबलं. "ब-ब-ब-" तो 'ब'वर अडला. बंदरातल्या सगळ्या बोटी कान लावून होत्या. त्याचं बोलून होईपर्यंत कुणी आपल्या बटणाला हात लावला नाही.