आठवी गाठ

तलावाच्या पाळीवर त्या दिवशी दोनशे माणसं होती. मी मोजली, मास्तराला मोजायची खोड असते. दोनशे माणसं, एकोणीस नारळ, चार कोंबड्या आणि मधोमध पाटावर बसवलेला एक नवरा. त्याचं नाव खुशाल. त्याच्या जागी धानाचं पोतं ठेवलं असतं, तरी चेहऱ्यात फारसा फरक पडला नसता.

साल १९५४. सिंदेवाहीपासून दोन कोसांवरचं हे मासेमारांचं गाव. इथे बाया जाळी विणतात आणि पुरुष ती टाकतात. जाळं म्हणजे नुसत्या गाठी. अशा गावाला गाठीचीच भीती घालायची, ही अक्कल गाठसोडे महाराजांची.

"इसको बांधा है!" महाराज गरजले. "मर्दाचं पानी अडवलं हाय कोनी तरी!"

खुशालचं दुखणं त्याच्या आईनं, गुणाबाईनं, महाराजांच्या कानात सांगितलं होतं आणि महाराजांनी ते पाळीवर सांगितलं. लग्नाला तीन वर्षं. गेल्या सव्वा वर्षापासून तो बायकोजवळ जाई, घामाघूम होई, पण वीर्य काही बाहेर येत नसे. मग पोर कुठून होणार?

महाराजांनी एक दोरी घेतली. झरझर सात गाठी मारल्या, "छू" म्हणून फुंकर घातली आणि दोन्ही टोकं ओढली. सातही गाठी गायब! पाळीवर जयजयकार झाला. महाराजांनी आठवी मारली, फुंकली, ओढली. ती तशीच राहिली.

"काऊन सुटत नाई ही?" महाराज हळू आवाजात म्हणाले. "बांधनारी घरातच हाय. याच्याच चटईवर झोपते."

दोनशे माना खुशालच्या बायकोकडे, प्रेमिलाकडे, वळल्या. खुशालची तेवढी वळली नाही.

"मी म्हनतच होतो," गुणाबाई म्हणाली. "परवा इचा भाऊ गाडी घेऊन येते. धाडतो इले माहेरी, कायमची."

प्रेमिला रडली नाही. ती पुढे आली आणि हात पसरून म्हणाली, "दोरी द्या."

"हात नको लावू बाई, जळशीन!"

"रोज हजार गाठी मारतो मी. जळून जळून किती जळन?"

तिनं दोरी ओढूनच घेतली. आठवी गाठ नखानं उकलली, मग बोलत बोलत सात गाठी मारल्या. "ह्या सुरगाठी हायेत जी. जाळ्याचे तरंगते भोपळे झटकन सोडाले लागते ना, तशा." तिनं टोकं ओढली. दोरी सरळ. "आन् आठवी निरगाठ. ते फुकून नाई सुटत, वादळ आलं तरी."

म्हातारा सोमाजी कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बाप्पा! हे त आपलंच काम!"

लोक हसले. जन्मभर त्याच गाठी मारणारी माणसं; पण गाठ महाराजांच्या हातात गेली, आणि ती गाठ म्हणून बघायचं कुणाला सुचलं नाही.

महाराज मात्र मुरलेले होते. "चला, दोरी खोटी. मंग याचं पानी काऊन अडलं? सांग ना!"

"हे त खरंच," गुणाबाई म्हणाली. भावाची गाडी यायची ती येणारच होती.

दुसऱ्या दिवशी मी खुशालला घेऊन सिंदेवाहीच्या दवाखान्यात निघालो. वाटेत विचारलं, "तुला वाटतं तरी काय?"

"काईच नाई वाटत, मास्तर. आंग लाकडाचं झालं. प्रेमिला गेली तरी काई वाटन का नाई, मले मालूम नाई."

डॉक्टरांनी बायकोचं काही विचारलंच नाही. "परसाकडे रोज होतं का?"

"चवथ्या दिवशी."

"झोप?"

"बसल्या बसल्या लागते."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या मोहरीएवढ्या. "खातोस काय?"

खुशालनं कमरेची पुडी सोडली. काळ्या गोळ्या. "थंडीची गोळी जी. महाराजाचा चेला बाजारात देते. पान्यात किती उभं राह्यलं तरी पाय दुखत नाई."

डॉक्टरांनी एक गोळी हुंगली. "अफू आहे. दुखणं मारते, आणि बाकीचंही सगळं मारते. संवेदना बोथट झाल्यावर वीर्य सुटणार कसं?"

"टाकून देऊ?"

"एकदम नाही. जुलाब लागतील, अंग थरथरेल. दर आठवड्याला थोडी कमी, माझ्या नजरेखाली. तोवर बायकोशी बोल. परीक्षेला बसल्यासारखा तिच्याजवळ जाऊ नकोस. आज झालं नाही तर नाही. धास्तीनंसुद्धा उशीर होतो. एवढं करून फरक पडला नाही, तर साखर तपासू, पाठीच्या नसा बघू. हा आजार आहे, नामर्दपणा नाही. आणि तो व्हायला बायकोला जादू यावी लागत नाही."

तिसऱ्या दिवशी गाडी आली. प्रेमिलाचं गाठोडं वर चढलं. महाराज गुणाबाईच्या ओसरीवर दूध पीत होते, अंगणात गाव जमलं होतं. खुशाल बैलांपुढे जाऊन उभा राहिला.

"प्रेमिला कोठी जानार नाई. तिनं काई केलं नाई. ह्या गोळीत अफू हाय. यानंच माहं आंग मेलं." त्यानं पुडी ओसरीवर टाकली.

महाराज हसले. "गोळी त गावभर खाते. बाकीच्यायले काऊन नाई झालं?"

महाराजांना वाटलं, जिंकलो. मग सोमाजीचा थोरला लेक डोमा उठला, कमरेची पुडी सोडली आणि खाली मान घालून खुशालच्या पुडीशेजारी ठेवली. मग दुसरा. मग तिसरा. मी मोजल्या: अकरा पुड्या. अकरा घरं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

गुणाबाईनं स्वतः गाठोडं गाडीतून उतरवलं. महाराजांचं दूध अर्धंच राहिलं. त्याच आठवड्यात मी अकराही जणांना सिंदेवाहीला नेलं, आणि डॉक्टरांनी सगळ्यांचीच गोळी हळूहळू उतरवायला घेतली.

सांगायचं ते एवढंच. शरीर अडलं तर शरीरालाच विचारा: काय खातो, काय पितो, कशाला भितो? बायकोला आरोपी करण्याआधी तिच्याशी बोला. शरम वाटली तरी दवाखान्याची पायरी चढा. तिथे तुमच्याआधी अकरा जण येऊन गेलेले असतात.