म्हाळानंतरचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. निदान मला तरी तसं वाटतं. घरातली माणसं मला कधी टेबल म्हणतात, कधी पाट, कधी नुसतंच 'उदयचं ते'. पाहुणे तर मला निरखून विचारतात, "हे काय म्हणायचं?" इतकी वर्षं झाली, पण त्यांना काय उत्तर द्यावं हे मला सुचलेलं नाही.

माझा जन्म चेन्नईच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका कारागिरानं मला फोमच्या ठोकळ्यातून कोरलं, वरून कापड ताणून त्यावर चिकट रसायन ओतलं आणि मी गुळगुळीत होईपर्यंत घासलं. पोटाखाली तीन पंख बसवले. शेपटीला एक लांब दोरी लावली. "ही लाटेवर उभं राहायची फळी," असं तो गिऱ्हाइकाला सांगत होता, ते मी ऐकलं. गिऱ्हाईक होते कोरेगावकडचे फौजी उदयसिंह. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांनी मला बोटानं टिचकी मारून बघितली, कलिंगड घेताना मारतात तशी.

तिथल्या कोळ्यांच्या पोरांनी त्यांना शिकवलं. रविवार आला की आम्ही पाण्यात. उदयसिंह पडायचे, खारं पाणी नाकातोंडात जायचं, परत माझ्यावर पालथे व्हायचे. एकदा लाट मागून आली, त्यांनी हात टेकले आणि ताडकन उभे राहिले. किनाऱ्यापर्यंत तसेच उभे. उतरल्यावर त्यांनी मला छातीशी धरलं आणि आनंदानं रडले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बदली बर्फाच्या मुलखात झाली आणि मी ट्रकच्या टपावरून गावी आले.

इथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही. गावात समुद्र नव्हता. उसाचं रान लांबून हलताना दिसलं की मला वाटायचं, आल्या लाटा! पण मला तिकडं कोणी नेत नव्हतं. उदयसिंहांच्या पत्नी लीलाबाई उन्हाळ्यात मला गच्चीवर आडवी टाकून माझ्यावर पापड वाळत घालू लागल्या. माझी दोरी त्या कठड्यावर टाकायच्या. वाऱ्यानं ती वळवळायची आणि कावळे लांबच राहायचे. "लय गुणाची फळी हाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या. कौतुक ऐकून बरं वाटायचं, पण पापड आणि लाट यांचा संबंध काय, ते काही केल्या कळायचं नाही.

मग सांगलीला महापूर आला. उदयसिंहांची लेक पूजा तेव्हा सांगलीतच, विश्रामबागला शिकत होती. तिनं फोन केला, "पप्पा, नदीकडच्या गल्ल्या पाण्यात गेल्यात, होड्या पुरंना झाल्यात. तुमची फळी घेऊन या!" सुट्टीवर आलेल्या उदयसिंहांनी मला जीपवर टाकलं. गढूळ पाण्यातून मी दुधाच्या पिशव्या नेल्या, औषधं नेली, एक म्हातारी आणि तिची शेळीही नेली. लोकांनी मला हळदकुंकू लावलं. त्या पाण्याला ना मीठ होतं ना लाट, तरी मी कामाला आले. आता तरी मी कोण ते ठरलं, असं मी समजले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्यावर परत पापड होते.

मित्रांनो, आता यंदाची गोष्ट ऐका. उदयसिंह निवृत्त होऊन घरी आले आहेत. त्यांचा गुडघा झिजला आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि नंतर तसं ताडकन उभं राहणं विसरा, असंही बजावलं. त्या दिवशी ते गच्चीवर आले आणि माझ्यावरची धूळ हातानं पुसत बराच वेळ बसले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. पूजालाही कळलं.

ती आता विश्रामबागेतल्या एका ऑफिसात नोकरी करते. शनिवारी घरी आली की मला दोन खुर्च्यांवर आडवी टाकून माझ्यावर लॅपटॉप मांडायची आणि घर माझ्याभोवती जमायचं. बेत होता श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याचा. पूजा म्हणाली, "तिथला हंगाम आता सरत आलाय. गर्दी कमी, लाटा बारक्या. पप्पांच्या गुडघ्याला ह्याच झेपतील. पण दिवाळीपर्यंत थांबलो तर तिकडं पाऊस लागतो."

"मग ह्या आठवड्यात जाऊया," उदयसिंह म्हणाले.

"गणपती बसल्यात घरात," लीलाबाई म्हणाल्या.

"गणपती गेल्यावर?"

"म्हाळाचे दिवस लागत्यात. मामंजींचा म्हाळ पंचमीला. सगळी भावकी जेवायला येती."

"त्याच्यानंतर?"

"घट बसत्यात."

"दसऱ्यानंतर?"

"लाटा जात्यात," पूजा म्हणाली.

आणि सगळे परत गणपतीपासून सुरू करायचे. मी मधे आडवी पडून ऐकत होते आणि माझं डोकं गरगरत होतं. जायचं म्हणतात की नाही जायचं म्हणतात, काही पत्ता लागेना. शेवटी पूजानं पंचमी आणि घट यांच्या मधली मोकळी जागा शोधली. म्हाळ घालायचा, निघायचं, आणि घट बसायच्या आत परत यायचं.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या साळूबाई बोलल्या. या उदयसिंहांच्या आई. "पितरांच्या दिसात समिंद्रावर? जमायचं न्हाई. लेक सीमेवर हुता तवा रोज जीव टांगणीला हुता माजा. आता घरी आलाय तर पान्यात कशाला घालता त्याला?"

आईपुढं उदयसिंह कधी बोलत नाहीत. लॅपटॉप मिटला. त्याहून वाईट म्हणजे, मिटता मिटता पूजा म्हणाली, "आणि गेलो तरी ही फळी न्यायची न्हाई हां. तिथं भाड्यानं मिळत्यात." मला काय वाटलं ते सांगता येत नाही. समुद्राला जायचा बेत माझ्याच पाठीवर झाला आणि त्यात मीच नव्हते.

पंचमी उजाडली. पाहुण्यांना जागा हवी म्हणून पूजानं मला गच्चीवर कठड्याला टेकवून उभं केलं. खाली आळूची भाजी, वडे, खीर असा सगळा स्वयंपाक झाला आणि उदयसिंहांनी पान वर आणून माझ्याशेजारी कठड्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही. सगळे जिन्याजवळ हात जोडून उभे राहिले. कावळे शेजारच्या नारळाच्या झाडावर येऊन बसले. एकही खाली उतरेना.

"काय तरी राहिलंय बघा मनात," भावकीतले आप्पासो म्हणाले. आप्पासो म्हणजे ज्यांचा म्हाळ होता त्या पूजाच्या आजोबांचे धाकटे भाऊ. भूक लागलेली असल्यामुळं त्यांनी स्वतःच सुरुवात केली. "दादा, बांधाचं भांडान मिटवतो मी. शिवा आता." कावळा हलला नाही. आप्पासोंनी हळूच सुटकेचा श्वास सोडला, तो मी जवळून ऐकला. मग कोणी म्हणालं देवळाला रंग देतो, कोणी म्हणालं पूजाचं लगीन थाटात करतो. पूजानं त्या माणसाकडं असं बघितलं की त्यानं ते मागं घेतलं.

शेवटी साळूबाई एकेक पायरी चढत वर आल्या. नारळाकडं बघून म्हणाल्या, "आवं, तुमच्या लेकाला समिंद्रावर जायाचं हाय. मी न्हाई म्हनली. त्येच लागलंय व्हय मनाला? बरं, जाऊ द्या त्याला. मी आडवी येत न्हाई." मग उदयसिंहांकडं वळून म्हणाल्या, "उचल रं ती तुजी फळी. कवाधरनं उभी हाय उन्हात."

उदयसिंहांनी मला उचलून जिन्याकडं नेलं. मागं पंखांची फडफड झाली. कावळ्यानं वडा उचलला होता.

साळूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र चक्रावून गेले, कारण माझी दोरी इतका वेळ त्या पानाशेजारी वळवळत होती. कावळे मला भ्यायले होते, मित्रांनो! निदान मला तसं वाटलं. लीलाबाईंनी दोरीकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. पापडांची राखण कोण करतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी दोरी गोळा करून हळूच माझ्याभोवती गुंडाळली आणि म्हणाल्या, "चला, पानं वाढा." त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, अजूनही बोललेल्या नाहीत.

संध्याकाळी पूजा तिकिटं काढायला बसली, तेव्हा साळूबाईंनी विचारलं, "फळी कशी न्ह्यायची इमानातनं?"

"आजी, फळी न्यायची न्हाई. तिथं भाड्यानं—"

"खुळी का काय? फळी उचलली तवाच शिवला कावळा. तुज्या आज्याची इच्छा हाय ती. फळी जायालाच पायजे."

मी जाणार होते. कशामुळं जाणार होते ते मला नीट सांगता येणार नाही, पण जाणार होते.

साळूबाईंनी स्वतः शिवलेली जुनी वाकळ माझ्याभोवती गुंडाळायला घेतली. दोरी हातात आली तशी त्यांनी विचारलं, "ही कशाला रं?"

"पायाला बांधायची, आई. पडलो तरी फळी लांब जात न्हाई. तिलाच धरून वर यायचं."

"म्हंजी तुजा जीव हिच्यावर?" असं म्हणून त्यांनी दोरीला जोरात हिसडा दिला. दोरी तटकन तुटली. वर्षानुवर्षांच्या उन्हानं ती आतून कुजली होती, आणि माझं मलाच माहीत नव्हतं. उदयसिंहांचा चेहरा पांढरा पडला.

पूजानं नवी दोरी मागवली. ती आल्यावर साळूबाईंनी एक टोक खांबाला बांधून ओढून बघितली, आप्पासोंना ओढायला लावली, आणि मगच मला बांधू दिली.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरात गच्चीवर, माळ्यावर माझ्यासारखं कोणी पडलेलं असेल. ते कशाचं आहे हे कळलं नाही तरी चालेल, आमचं आम्हालाही कळत नाही. फक्त आम्हाला उन्हातून आत घ्या आणि अधूनमधून दोरी ओढून बघा. कधीतरी आमच्यावर कोणाचातरी भार पडणार असतो.

आता मी वाकळीत गुंडाळून जीपवर पडले आहे. समुद्र मला ओळखेल का, मला तरी तो आठवेल का, ठाऊक नाही. खाली लीलाबाई घटाची आठवण करून देत आहेत, पूजा कागद तपासते आहे. एवढ्यात साळूबाई जीपशी आल्या, टाचा उंचावून त्यांनी वाकळीवर हात ठेवला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं मला म्हणाल्या, "बाई, माजं पोरगं नीट परत आन."

मी कोण आहे, ते मला तेव्हा कळलं.