डालड्याच्या डब्यातलं डेंगळं

दिवाळीच्या आधीपासून ग्यानोबा लेकाच्या घरी राहायला आले होते, आणि थंडी चांगली अंगात भरली तरी त्या घरात ते अजून पाहुणेच होते. शिरड शहापूरला त्यांचा दिवस कांद्याच्या वाफ्यात उगवायचा आणि वाफ्यातच मावळायचा. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, तसं लेकानं, रामजीनं, रान चुलतभावाच्या हवाली केलं आणि बापाला हिंगोलीला उचलून आणलं. रामजी एसटीत कंडक्टर, त्याचा अर्धा मुक्काम गाडीवरच. सून पद्मा सरकारी दवाखान्यात नर्स. दोन खोल्यांच्या त्या घरात चिमणीलासुद्धा काहीतरी काम होतं, फक्त ग्यानोबांना नव्हतं.

झाडू हातात घेतला की सून धावत यायची. "तुमी बसा, मामा." घागर उचलली की, "तुमी बसा, मामा." एकदा ते लसूण सोलायला बसले, तर तिनं इतक्या मायेनं ताट काढून घेतलं की त्यांना रडावं की हसावं कळेना. सून वाईट होती असं कुणी समजू नये. गरम भाकरी आधी त्यांच्या ताटात पडायची. पण बोलणं म्हणाल तर जेवलात का, झोप लागली का, एवढंच. गावच्या पाटलाशीसुद्धा माणूस याहून मोकळं बोलतो. ग्यानोबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, थंडी सरली की आपलं गाव बरं. परक्याच्या घरी माणूस किती दिवस नुसता बसेल?

या घरात त्यांना एकच गोष्ट ओळखीची वाटायची. आतल्या खोलीच्या खिडकीत, डालड्याच्या डब्यात, एक कांदा लावलेला होता. कांदा कसला, नारळाच्या तोलाचा! निम्मा मातीत, निम्मा वर. पानं तेवढी पट्टीसारखी चपटी; शहरातली वेगळी जात असेल, असं ग्यानोबांना वाटायचं. पद्मा रोज ड्युटीवर जायच्या आधी डबा थोडा फिरवायची, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची आणि बेतानं पाणी घालायची. रात्री गारठा वाढला की डबा चुलीजवळ सरकवायची. इतके लाड त्या घरात दुसऱ्या कुणाचेच नव्हते, रामजीचे तर नाहीच नाही.

"काय वं, हे काय करून राहिली तुमची सून?" शेजारच्या लक्ष्मीबाईनं एकदा अंगणातून डोकावत विचारलं होतं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसली होती. "लोकं कुत्रं पाळतेत, पोपट पाळतेत. तुमच्या घरात कांदा पाळलाय!"

ग्यानोबाही हसले. सुनेला विचारावं असं त्यांच्या ओठावर दहादा आलं. पण पाहुण्यानं यजमानाच्या खिडकीत नाक खुपसावं का, या विचारानं ते दहादा गप्प बसले. पद्मानंही आपण होऊन सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं, असं तिला वाटलं असेल. म्हणजे दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि शहाणपणाचा व्हायचा तो घोटाळा झाला.

मार्गशीर्षाच्या चांदण्यात कांद्याच्या पोटातून डेंगळं निघालं. कांदेवाल्याला डेंगळं काय ते सांगावं लागत नाही. हिरवा, पोकळ, अंगठ्यासारखा जाड दांडा, टोकाला फुगीर बोंड. डेंगळं आलं की कांदा पोसत नाही. सगळा रस तेच ओढून घेतं, कांदा आतून पोकळ होतो आणि साठवणीच्या चाळीत सडतो. म्हणून दिसलं की मोडायचं. ग्यानोबांनी जन्मभर वाफ्यावाफ्यातून वाकून हेच केलं होतं. बियाला ठेवला म्हणावा, तर खिडकीतल्या एकट्या कांद्याचं बी कोण धरतं?

पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवले. पोरगी दवाखान्यात दुसऱ्यांची लेकरं सांभाळते, तिला बिचारीला डेंगळ्याचं काय ठाऊक? एवढा जीव लावलेला कांदा हातचा जाईल. अखेर एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी डबा उजेडात घेतला, दांडा बुडाशी धरला आणि सराईतपणे कट्कन मोडला. मग धुऊन वांग्यांच्या टोपलीत ठेवला, कारण डेंगळ्याची भाजी कोण सोडतो? किती तरी दिवसांनी आपण काहीतरी काम केलं, या समाधानात त्यांना दुपारी छान डोळा लागला.

संध्याकाळी पद्मा आली ती लक्ष्मीबाईशी बोलतच. "पुनवेला बघा तुमी. विहारात वंदनेला असं फूल ठेवते की हिंगोलीनं पाहिलं नसंल. औरंगाबादेत माझ्या संगं नर्सिंगला होती त्या मैत्रिणीनं दिलंय. अमरिलिस म्हणतेत त्याला. ऐन थंडीत घरात फुलतं, लाल, हाताच्या पंज्याएवढं."

ग्यानोबांच्या तोंडचं पाणीच पळालं. पद्मा खिडकीशी गेली. तिथून तिची नजर टोपलीकडं गेली. वांग्यांवर ते डेंगळं मोठ्या ऐटीत पडलं होतं.

"मामा, हे…"

"मीच मोडलं, बाई. मला वाटलं डेंगळं हाय. कांदा पोकळ होईल म्हनून…"

पद्माचे डोळे भरून आले. ती जोरात ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "असू द्या, मामा. त्याची भाजी न्हाई होत, इखारी असतं ते. तुमी बसा."

ते "तुमी बसा" म्हाताऱ्याच्या काळजात रुतलं.

सकाळी सून पाणी भरायला गेली तेव्हा त्यांनी धोतराची जोडी पिशवीत कोंबली, काठी घेतली आणि पायात वहाणा सरकवल्या. उंबऱ्यात पद्मा घागर घेऊन समोर उभी.

"कुठं निघाले?"

"गावाकडं. रामजीला सांग, गुडघे आता बरे हायेत."

पद्मानं घागर दाणकन खाली ठेवली. पाणी हिंदकळून त्यांच्या वहाणा भिजल्या.

"व्हय का? फूल मोडायला बरे आन् निस्तरायला पळून चालले? काहून विचारलं न्हाई मला? तोंड न्हवतं? दिवाळीपासून मी त्याला लेकरावानी जपून राहिले, आन् तुमी वांग्यात टाकता! लक्ष्मीबाईला काय तोंड दाखवू मी पुनवेला? ठिवा ती पिशवी! ठिवा म्हणते ना!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. ग्यानोबांनी पिशवी ठेवली. त्यांची बायको, मंजुळाबाई, गेल्यापासून त्यांच्यावर इतकं तोंडभरून कुणी ओरडलंच नव्हतं. म्हातारा मान खाली घालून उभा होता, आणि खाली घातलेल्या मानेनं चक्क हसत होता. पाहुण्याला कुणी असं बोलतं का?

"मी बी चुकले," पद्माचा आवाज उतरला. "काय लावलंय ते सांगायला पायजे होतं मी."

रात्रीच तिनं तो दांडा सलाइनच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून उभा केला होता. ती बाटली तिनं त्यांच्या हातात दिली. "हे जगवायचं काम आता तुमचं. रोज पानी बदला. उन्हाला ठिवा, पन कडक ऊन नको. पुनवेपर्यंत फुललं पायजे. मला काई म्हाईत न्हाई."

ग्यानोबांनी बाटलीमागं घर डोक्यावर घेतलं. ऊन सरकेल तशी बाटली सरके. रामजी मुक्कामाहून आला तर त्याला खिडकीजवळून चालायची बंदी. बोंड फुगत गेलं, पण पुनवेच्या आदल्या सांजेपर्यंत मिटलेलंच. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. सकाळी ते उठले आणि खिडकीशी जाऊन तिथंच खाली बसले. बोंडाचं सालपट उलगडलं होतं. दोन फुलं पुरती उमलली होती, दोन उमलायच्या बेतात होती. कुंकवाहून गडद लाल, आणि पंज्याएवढी म्हणजे खरंच पंज्याएवढी. त्यांनी आपला पंजा लावून पाहिला.

विहारात मेणबत्त्यांच्या उजेडात ती बाटली बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवली गेली. वंदना झाल्यावर बाया भोवती जमल्या. लक्ष्मीबाई तर पार वाकूनच पाहत राहिली. "माय! कांद्याला असं फूल? कोणी फुलवलं गं?"

ग्यानोबा खांबाआड सरकले. पद्मानं त्यांच्याकडं बोट केलं. "आमच्या मामांनी. आधी मोडलं, मंग फुलवलं. त्यायचं असंच असतं." सगळ्या बाया हसल्या, आणि पद्मा सगळ्यांत मोठ्यानं.

चार दिवसांनी, सकाळच्या उन्हात ग्यानोबा खाटेवर जरा टेकले होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"मामा! इकडं या लौकर. डब्यात दुसरं डेंगळं निघालंय!"

ते गुडघे विसरून धावले. पोपटी टोक कांद्याच्या पोटातून नुकतं डोकावत होतं. नकळत त्यांचा हात पुढं गेला.

"हात मागं!" पद्मा ओरडली, आणि मग दोघंही इतके हसले की लक्ष्मीबाई भिंतीवरून डोकावली. हसू ओसरलं तशी पद्मानं ड्युटीची पिशवी खांद्याला लावली.

"डबा फिरवा, पानं पुसा, आन् लसूण सोलून ठिवा सांजच्याला," ती दारातून म्हणाली. "नुसते बसून राहू नका."